व्हिडिओ कॉलवर दोन वर्गांची गणिताची मॅच : आवाज उशिरा पोहोचतो, मग आधी बोललं कोण?

जानेवारीत माझी सेमिस्टरची परीक्षा संपली आणि मी पंधरा दिवस गावी होते. गाव सातारा जिल्ह्यात. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझा भाचा सहावीला आहे. माझ्या रूममेटची मावशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. आम्ही दोघींनी रात्री चॅटवर गप्पा मारता मारता ठरवलं की या दोन वर्गांची व्हिडिओ कॉलवर गणिताची मॅच लावायची. आमच्या गुरुजींनी लगेच होकार दिला, मावशींनीही दिला. वर्गातल्या टीव्हीला फोन जोडायचा, समोर पोरं बसवायची, प्रश्न विचारायचे. त्यात अवघड काय?

पहिली मॅच अकरा मिनिटांत भांडणात संपली.

नियम साधा होता. मी आमच्या वर्गात बसून प्रश्न विचारणार, ज्या वर्गातून आधी उत्तर येईल त्याला गुण. "सतरा साती?" असं म्हटलं की आमची पोरं "एकशे एकोणीस" ओरडायची आणि ते संपता संपता टीव्हीतून रत्नागिरीचं "एकशे एकोणीस" ऐकू यायचं. प्रत्येक वेळी. स्कोअर ९-१ झाला. आमच्यातला एक जण जोरात म्हणाला, "हे लई स्लो हायत!" ते मात्र तिकडे अगदी स्पष्ट ऐकू गेलं. तिकडच्या मॅडमनी (म्हणजे मावशींनी) शांतपणे सांगितलं, "आमच्या मुलांना प्रश्नच उशिरा ऐकू येतोय." आमच्या पोरांना ती सबब वाटली. खरं सांगते, मलाही वाटली.

रात्री रूममेटचा मेसेज आला. तिकडच्या दोन मुली रडल्या होत्या. त्यांचे पाढे तीसपर्यंत पाठ आहेत, मावशी रोज घेतात. मग मी आणि तिने बसून खरोखर मोजायचं ठरवलं.

उशीर घरच्या घरी कसा मोजायचा

याला कुठलंही ॲप लागत नाही, तुम्हीही करून बघू शकता. आधी समोरासमोर बसून दोघांनी एक ते वीस आकडे आळीपाळीने म्हणायचे. मी "एक", तुम्ही "दोन", मी "तीन", असं. समोरच्याचा आकडा ऐकला की लगेच पुढचा. स्टॉपवॉच लावा. आता तेच कॉलवर करा. ज्याने "एक" म्हटलं त्यानेच घड्याळ सुरू करायचं आणि पलीकडून "वीस" ऐकू आलं की बंद करायचं.

यात आवाज बरोबर वीस वेळा इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे जातो. म्हणून दोन वेळांमधल्या फरकाला वीसने भागलं की एका दिशेचा उशीर मिळतो.

मी भाच्याबरोबर समोरासमोर केलं, १२ सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी, मॅचला होती तीच जोडणी ठेवून मावशींबरोबर कॉलवर केलं, २१ सेकंद. फरक ९ सेकंद, भागिले २०, म्हणजे एका दिशेला ०.४५ सेकंद. प्रत्येक माणसाची बोलायची गती वेगळी असते त्यामुळे हा आकडा अगदी काटेकोर नाही, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

आता मॅचचं गणित बघा. मी "सतरा साती" म्हटलं, ते आमच्या पोरांना त्याच क्षणी ऐकू आलं. रत्नागिरीला ०.४५ सेकंदाने. त्यांनी लगेच उत्तर दिलं तरी ते आमच्यापर्यंत यायला आणखी ०.४५ सेकंद. एकूण ०.९ सेकंद. पाढा पाठ असलेलं पोरगं उत्तर द्यायला एक सेकंदसुद्धा घेत नाही. म्हणजे तिकडच्या मुलांनी प्रश्न ऐकायच्या आधीच उत्तर दिलं असतं तरच बरोबरी झाली असती! त्यांनी जो एक गुण मिळवला तो कसा मिळवला याचंच मला आता आश्चर्य वाटतं.

टेलिफोनचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या आयटीयू या संस्थेची जी.११४ नावाची शिफारस आहे. तिच्यानुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषणं सुरळीत चालतात, आणि ४०० मिलिसेकंदांच्या वर जाईल असं नेटवर्क आखूच नये. आमचा ४५० होता. गप्पा मारताना एवढं चालून जातं, "हॅलो, तू बोल, नाही तू बोल" एवढंच होतं. पण आधी कोण बोललं यावर गुण द्यायचे तर हा उशीरच मॅच जिंकतो.

हा अर्धा सेकंद जातो कुठे?

पहिली शंका अंतराची येते. सातारा आणि रत्नागिरी तसे शेजारचे जिल्हे, मध्ये सह्याद्री. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला फक्त ५ मिलिसेकंद. कॉल मुंबईच्या सर्व्हरवरून फिरून आला तरी अंतरामुळे जाणारा वेळ नगण्य. खरा वेळ दोन्ही टोकांना जातो.

आवाज आधी छोट्या छोट्या तुकड्यांत कापला जातो. साधारण २० मिलिसेकंदांचा एक तुकडा, तो दाबून लहान केला जातो आणि पॅकेट म्हणून निघतो. पॅकेट फोनमधून टॉवरला जातं, आणि टॉवरवर गर्दी असेल किंवा रेंज कमी असेल तर तिथे रांगेत थांबतं. काही पॅकेट लवकर पोहोचतात, काही उशिरा. ती आली तशी वाजवली तर आवाज तुटक येईल. म्हणून पलीकडचा फोन थोडी वाट बघतो. लग्नाला निघालेलं वऱ्हाड एसटी स्टँडवर थांबतं ना, सगळे जमले की मग गाडी सोडायची, तसंच. या थांब्याला जिटर बफर म्हणतात. नेटवर्क जितकं लहरी तितका हा थांबा मोठा. आणि वऱ्हाडातला एखादा फारच मागे राहिला तर त्याला सोडून गाडी निघते. कॉलमध्ये मधलंच एखादं अक्षर गायब होतं ते यामुळे. यूट्यूबवर व्हिडिओ थांबून थांबून का होईना पूर्ण दिसतो, कारण तिथे हरवलेलं पॅकेट परत मागवायला वेळ असतो. कॉलमध्ये तेवढा वेळ नसतो.

याशिवाय रत्नागिरीच्या वर्गात आणखी एक गोष्ट होती जी आम्हाला नंतर कळली. तिकडे आवाज मोठा यावा म्हणून ब्लूटूथ स्पीकर लावला होता. ब्लूटूथ आवाजाला पुन्हा एकदा दाबतो, पाठवतो, उलगडतो. यात सहज १०० ते २०० मिलिसेकंद वाढतात. गाणी ऐकताना ते कळत नाही. आम्ही तिथे वायरचा स्पीकर लावायला सांगितला आणि फोन खिडकीत ठेवला, जिथे रेंज चांगली येते. परत एक ते वीस मोजलं, १६ सेकंद. म्हणजे उशीर ०.४५ वरून ०.२ वर आला. फुकटात, फक्त एक वायर आणि एक खिडकी.

पण ०.२ सुद्धा शून्य नाही. जाऊन-येऊन ०.४ सेकंद होतातच. कितीही चांगलं नेट घ्या, उशीर राहणारच. म्हणून उशिराशी भांडत बसण्यापेक्षा असा खेळ शोधायचा ज्यात उशिराने काही बिघडतच नाही.

गुप्त संख्या

परदेशातल्या शाळांमध्ये 'मिस्टरी स्काइप' नावाचा खेळ बरीच वर्षं खेळला जायचा. दोन वर्ग व्हिडिओ कॉलवर भेटायचे आणि समोरचा वर्ग जगात कुठे आहे हे फक्त 'हो-नाही' प्रश्न विचारून ओळखायचे. मायक्रोसॉफ्टने शिक्षकांसाठी याचा चांगला प्रचारही केला होता. त्याच खेळाचा गणितातला भाऊ म्हणजे 'मिस्टरी नंबर' : ठिकाणाऐवजी संख्या ओळखायची. स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं, पण खेळाला काय, कुठलंही ॲप चालतं.

खेळ असा. दोन्ही वर्ग १ ते १००० मधली एकेक संख्या मनात धरतात आणि कागदावर लिहून गुरुजींकडे देतात. मग आळीपाळीने एकेक प्रश्न. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. कमी प्रश्नांत जो ओळखेल तो जिंकला. नेमकी संख्या विचारली तर तोही एक प्रश्न धरायचा. इथे घड्याळच नाही. प्रश्न अर्धा सेकंद उशिरा पोहोचला काय आणि पाच सेकंद उशिरा पोहोचला काय, गुण प्रश्नांच्या संख्येवर.

आमच्या पोरांचे पहिले प्रश्न ऐकून मी कपाळाला हात लावला. "४५ आहे का?" "नाही." "१०० आहे का?" "नाही." अशाने हजार प्रश्न लागतील. पण शिकवायचं नाही असं गुरुजींनी मला आधीच बजावलं होतं. तिसऱ्या डावात आमच्यातली एक पोरगी म्हणाली, "अर्ध्यात कापूया की." ५०० पेक्षा मोठी आहे का? नाही. २५० पेक्षा मोठी आहे का? प्रत्येक प्रश्नाला उरलेल्या संख्या निम्म्या. १०००, ५००, २५०, १२५, ६३, ३२, १६, ८, ४, २, १. दहा प्रश्नांत कोणतीही संख्या सापडते, कारण एकला दोनने दहा वेळा गुणत गेलं की १०२४ येतात आणि ते हजारापेक्षा जास्त आहेत. कॉम्प्युटर सायन्सवाले याला बायनरी सर्च म्हणतात. फोनमध्ये क्रमाने लावलेल्या मोठ्या यादीतून एखादी नोंद झटक्यात शोधायची असेल तर हीच युक्ती कामाला येते.

मजा पुढे आहे. पोरांना फक्त लहान-मोठं विचारायचा कंटाळा आला आणि ती संख्यांच्या गुणधर्मांवर आली. "सम आहे का?" हा झकास प्रश्न, अगदी मधोमध कापतो. "३ ने भाग जातो का?" हा जरा कमी चांगला, कारण 'हो' आलं तर एक तृतीयांश उरतात पण 'नाही' आलं तर दोन तृतीयांश तशाच पडून राहतात. "मूळ संख्या आहे का?" हा जुगार आहे. १००० पर्यंत मूळ संख्या फक्त १६८. 'हो' आलं तर लॉटरी, 'नाही' आलं तर ८३२ अजून शिल्लक. "पूर्ण वर्ग आहे का?" तर आणखी मोठा जुगार, १००० पर्यंत फक्त ३१ पूर्ण वर्ग आहेत. कुठला प्रश्न कधी विचारायचा यावर वर्गात जी कुजबुज चालायची ती ऐकायला मला मॅचपेक्षा जास्त आवडायचं. आणि ही कुजबुज समोरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पोरं स्वतःहून म्यूट करायला शिकली. मोठ्यांच्या मीटिंगमध्येही एवढी शिस्त नसते.

३९१

चौथ्या दिवशी आमच्या पोरांनी ३९१ ही संख्या धरली. रत्नागिरीने प्रश्न विचारले ते मी फळ्यावरून उतरवून घेतले आहेत.

५०० पेक्षा मोठी? नाही. २५० पेक्षा मोठी? हो. ३७५ पेक्षा मोठी? हो. विषम? हो. ४३८ पेक्षा मोठी? नाही. मूळ संख्या आहे का?

आमच्याकडे तिघं भागायला बसले. दोनने नाही, तीनने नाही, पाच, सात, अकरा, तेरा, कशानेच नाही. "हो, मूळ आहे." पलीकडे टाळ्या. ४०० पेक्षा मोठी? नाही. ३८५ पेक्षा मोठी? हो.

आता रत्नागिरीकडे फक्त दोन संख्या उरल्या होत्या, ३८९ आणि ३९७. "३८९ आहे का?" "नाही." "मग ३९७!" तिकडे आधीच उड्या सुरू झाल्या होत्या. "नाही."

उड्या थांबल्या. तिकडून एकाने थेट विचारलं, "तुम्ही फसवताय का?" पहिल्या मॅचचं 'स्लो' ते विसरले नव्हते. आमची पोरं चिडली. कागद गुरुजींकडे होता, तो कॅमेऱ्यासमोर धरला, ३९१. त्यावर तिकडून आणखी गोंधळ, कारण मग मूळ कसं?

मॅडमनी तिकडे म्यूट केलं. दोन मिनिटं टीव्हीवर नुसती हलणारी डोकी दिसत होती. मग त्यांचा आवाज परत आला आणि एका मुलीने पाटी वर केली. १७ × २३ = ३९१.

आमच्या तिघांनी तेरापर्यंत भागून सोडून दिलं होतं. कुठपर्यंत भागायचं हे त्यांना माहीत नव्हतं. २० चा वर्ग ४०० होतो आणि ३९१ त्याच्या आत आहे, म्हणजे १९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, त्यापुढे गरज नाही. सतरा राहून गेला होता. तोच सतरा, ज्याच्या पाढ्यावरून पहिल्या दिवशी आम्ही त्यांना हिणवलं होतं. ज्याने 'स्लो' म्हटलं होतं तो त्या तिघांतलाच. तो कॅमेऱ्यासमोर गेला आणि "आमची चूक झाली" म्हणाला. कुणी सांगितलं नव्हतं. तो डाव अर्थातच त्यांना दिला.

त्यानंतर दोन्ही वर्गांनी मिळून नियम घातला : गुणधर्माच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी दोन मिनिटं घ्यायची, दोन वेगवेगळ्या मुलांनी स्वतंत्र तपासायचं, आणि चुकीचं उत्तर दिलं तर डाव समोरच्याचा. या खेळात उत्तर देणाऱ्याला विचारणाऱ्याइतकंच गणित यावं लागतं. हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

आवाजावर विसंबू नका, पाटी वापरा

मराठी आकड्यांची कॉलवर एक खास पंचाईत आहे. आपले आकडे एकमेकांसारखे ऐकू येतात आणि मधलं अक्षर गेलं की संपलं. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत सुरुवात सारखीच. अठ्ठ्याहत्तर आणि अठ्ठ्याऐंशीचं तेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. मी त्या वादात पडत नाही, मला 'एकोणऐंशी' आवडतं. पण कॉलवर मात्र आम्ही "सात, नऊ" असे अंक सुटे बोलायचं ठरवलं आणि वर पाटीवर लिहून दाखवायचं.

पाटी दाखवताना एक गंमत होते. स्वतःच्या स्क्रीनवर अंक उलटे दिसतात आणि पोरं घाबरून पाटीच फिरवतात. घाबरू नका. बहुतेक ॲप्स तुमची प्रतिमा फक्त तुम्हाला आरशासारखी दाखवतात, कारण माणसाला स्वतःला तसं बघायची सवय असते. समोरच्याला सुलटंच दिसतं.

पाटीमुळे पाढ्यांची मॅचसुद्धा परत सुरू करता आली. प्रश्न आता दोन्हीकडे आधीच पाकिटात असतात. पाकीट उघडायचं, वीस सेकंदांत पाटीवर लिहायचं आणि "दाखवा" म्हटलं की दोन्हीकडच्या पाट्या वर. जेवढ्या बरोबर तेवढे गुण. अर्ध्या सेकंदाच्या उशिराने काही फरक पडत नाही. याउलट काही क्विझ ॲप्समध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. कहूतमध्ये उत्तराला जितका वेळ लागेल तितके गुण कमी होत जातात. एका वर्गात सगळे एकाच वाय-फायवर असतील तर ठीक आहे. दोन गावांत दोन नेटवर्क असतील तर वेळेचे गुण बंद ठेवून नुसत्या अचूकतेचे ठेवा.

कापरेकरांची फेरी

प्रत्येक मॅचच्या शेवटी आम्ही एक फेरी अशी ठेवली जिच्यात कुणीच हरत नाही. द. रा. कापरेकर हे देवळालीला शाळेत शिक्षक होते, १९०५ ते १९८६ हा त्यांचा काळ. त्यांनी शोधलेली एक करामत जगभर प्रसिद्ध आहे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा.

रत्नागिरीने ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आमच्या पोरांनी २०२६ घेतली, वर्षाची म्हणून. त्यांचं ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ असं लांबत गेलं आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. दोन्हीकडे पाटीवर एकच संख्या. दोन वेगळ्या जिल्ह्यांतल्या दोन वर्गांनी दोन वेगळ्या संख्या घेतल्या होत्या, त्यामुळे आमची पोरं आधी म्हणाली, "त्यांनी आमचं बघून लिहिलं!" मग परत वेगळ्या संख्या घेऊन केलं. परत ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोहोचतंच. सुरुवातीचं शून्य मात्र सोडायचं नाही, ते चार अंकांत धरायचं. तिथेच बहुतेकांचं चुकतं.

तुम्हाला करायचं असेल तर

एका वर्गात एकच फोन कॉलला जोडा. हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या गुरुजींनी हौसेने स्वतःचा फोनही जोडला आणि टीव्हीतून अशी शिट्टी निघाली की पोरांनी कान झाकले. फोन स्वतःच्या स्पीकरमधला आवाज ओळखून माइकमधून वजा करतो, म्हणून एरवी घुमत नाही. पण शेजारच्या फोनचा आवाज त्याला ओळखता येत नाही, तो माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाजतो, पुन्हा शिरतो. दुसरा फोन जोडायचाच असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद.

एकेक फोन ठेवायचा दुसरा फायदा वेळेचा. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांची मर्यादा येते, दोघांतच कॉल असेल तर येत नाही. झूमचा फुकट कॉल ४० मिनिटांत संपतो, पण एका मॅचला तेवढा पुरतो. घाईत असाल तर व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉलही चालेल.

सगळ्या वर्गाने एकदम ओरडून उत्तर दिलं तर पलीकडे खरखर पोहोचते. बहुतेक ॲप्स माणसाचा एकच आवाज स्पष्ट ठेवतात आणि टाळ्या, गोंगाट कापून टाकतात. म्हणून प्रत्येक डावाला एक 'बोलणारा' ठरवा, तो फोनजवळ बसेल. दर डावाला बदला, नाहीतर तेच तेच पोरगं बोलतं.

डेटाचा हिशोब सोपा आहे. १ एमबीपीएसचा कॉल मिनिटाला साडेसात एमबी खातो, आणि हे एका दिशेचं. जाणारं आणि येणारं मिळून ४० मिनिटांना ६०० एमबी धरा. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर पुरतं, पण सकाळी रील बघून संपवू नका. रेंज फारच खराब असेल तर व्हिडिओ बंद करून आवाज तेवढा चालू ठेवा आणि पाट्यांचे फोटो नंतर पाठवा. आम्ही एकदा साध्या फोन कॉलवर स्पीकर लावून पूर्ण डाव खेळलो. गुप्त संख्येला चेहरा लागत नाही.

आणि एक. मुलं आहेत, त्यामुळे पालकांना आधी विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आम्ही रेकॉर्डिंग केलं नाही, कॉलची लिंक फक्त दोन शिक्षकांकडे ठेवली, आणि मला स्टेटसला स्क्रीनशॉट टाकायचा मोह झाला होता तो गुरुजींनी मोडून काढला. पहिल्यांदा करताना १ ते १०० घ्या. सात प्रश्नांत संपतं आणि लहान वर्गांनाही झेपतं.

मी आता हॉस्टेलवर परत आले आहे, मॅच मात्र चालू आहेत. परवा भाच्याचा फोन आला. रत्नागिरीने आव्हान दिलंय, १ ते दहा लाख. "ताई, वीस प्रश्न पुरतील का गं?" मी उत्तर दिलं नाही. त्याला म्हटलं, दोनला दोनने गुणत जा आणि मला सांग.